गांवठी शाळेंतील संमिश्र वयाचा वर्ग व त्याची दिनचर्या

मराठी मुलखांतील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास लिहितांना बहुतेक लेखक इ. स. १८१८ नंतरच्या सरकारी व खासगी प्रयत्नांपासून आरंभ करतात. त्यापूर्वींच्या पंतोजींच्या शाळेची बोळवण ओसरी, छडी व घोकंपट्टी एवढ्या तीन शब्दांत होते. दुसऱ्या पक्षाचे लेखक याच्या उलट टोकास जाऊन, गांवोगांवीं विद्येचीं पीठें होतीं व परक्या सत्तेनें तीं मोडलीं, असें प्रतिपादन करतात. या दोन्ही मतांचें खंडन-मंडन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. आम्हांस येथें एकच साधा प्रश्न विचारावयाचा आहे. एकाच ओसरीवर पांच वर्षांचें पोर व बारा-तेरा वर्षांचा मुलगा एकत्र बसत असतां, आणि शिकविणारा मनुष्य एकच असतां, त्या शाळेचें काम रोजच्या रोज चालत तरी कसें होतें? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास, आजवर जो त्या शाळेचा दोष म्हणून सांगितला जातो त्या वयांच्या सरमिसळीवरच तिची सगळी घडी बसविलेली होती, असें आढळून येतें.

प्रथम आकडे पाहूं. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दींत, १८२४ सालीं, जिल्ह्याजिल्ह्यांतील देशी शाळांची माहिती मागविण्यांत आली. त्या माहितीचा एकत्रित गोषवारा १८२९ सालीं तयार झाला. त्यावरून मुंबई इलाख्यांत १६८० गांवठी शाळा व त्यांत ३३,८३८ मुलें होतीं असें दिसतें. याशिवाय २५ सरकारी शाळांत १३१५ मुलें शिकत होतीं. इलाख्याची लोकसंख्या त्या वेळीं ४६,८१,७३५ धरलेली आहे. गव्हर्नरच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं असें लिहून ठेविलें होतें कीं, लहानमोठें असें एकहि गांव शाळेवांचून क्वचितच असेल. वरील आकड्यांशीं हें विधान जुळत नाहीं. सरासरीनें पाहतां २७०० हून अधिक लोकांमागें एक शाळा पडते. उलटपक्षीं, घरच्या घरीं शिकणारीं मुलें या मोजणींत आलीं नाहींत व कित्येक शाळाहि सुटल्या, ही परुळेकर यांनीं हे कागद छापून दाखविलेली बाजूहि विसरतां येत नाहीं. आमच्या प्रश्नापुरता यांतील महत्त्वाचा आकडा निराळाच आहे. ३३,८३८ मुलांस १६८० शाळांनीं भागिलें असतां दर शाळेस सुमारें २० मुलें येतात. हा विसाचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. लेखाच्या अखेरीस त्याचें पुन्हा काम पडेल.

शाळांची संख्या अशी मिळते, पण शाळेच्या आंतील व्यवहार आकड्यांवरून कळत नाहीं. त्यासाठीं इलाख्याच्या सीमेपलीकडे थोडें जावें लागतें. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनीं १८२२ सालीं अशीच चौकशी सुरू केली. तिला उत्तर म्हणून बळ्ळारीचे कलेक्टर कॅम्बेल यांनीं १७ ऑगस्ट १८२३ रोजीं जो अहवाल पाठविला, तो शाळेच्या दिनचर्येसंबंधीं फार तपशीलवार आहे. त्या जिल्ह्यांत तेव्हां ५३३ शाळा होत्या. पैकीं कानडी २३५, तेलुगू २२६, मराठी २३, व बाकीच्या फारसी, संस्कृत, तमिळ व इंग्रजी अशा होत्या. संदूर व गुत्ती येथील घोरपडे घराण्यांच्या इतिहासाशीं परिचित असणाऱ्या वाचकांस बळ्ळारीच्या टापूंत मराठी शाळा असण्याचें नवल वाटणार नाहीं. कॅम्बेल यांचें वर्णन या सर्व भाषांच्या शाळांस मिळून आहे, आणि त्यांतील बऱ्याच गोष्टी आपल्याकडील पंतोजींच्या शाळेविषयीं परंपरेनें जें माहीत आहे त्याशीं जुळतात. म्हणून पुढील विवेचनांत आम्ही त्या अहवालाचा आधार घेतला आहे. मात्र जेथें गोष्ट केवळ बळ्ळारीकडील आहे तेथें तसें म्हटलें आहे.

या शाळेची पहिली खूण अशी कीं, तिला वर्षारंभ नव्हता. मूल पांचवें वर्ष लागलें म्हणजे बापानें ज्योतिषाकडून मुहूर्त काढावा, पंतोजींस बोलवावें, पाटीची व सरस्वतीची पूजा करावी, आणि मुलाचा हात धरून पहिलीं अक्षरें काढवावीं, अशी रीति असे. ‘श्रीगणेशाय नमः’ व ‘ओनामासीधं’ हे आरंभीचे पाठ. यांपैकीं दुसरा ‘ओं नमः सिद्धम्’ या जुन्या मंगलवाक्याचा मुलांच्या तोंडीं झालेला अपभ्रंश आहे, आणि तो इतका रूढ झाला कीं ‘ओनामा’ हा कोणत्याहि कामाच्या आरंभास शब्दच होऊन बसला. एकाचा मुहूर्त माघांत, दुसऱ्याचा वैशाखांत, तिसऱ्याचा दसऱ्यास; यामुळें एकाच दिवशीं आरंभ केलेलीं व एकाच पायरीवर असलेलीं दहा मुलें त्या शाळेंत कधींच मिळणें शक्य नव्हतें. प्रत्येक मूल आपापल्या ठिकाणीं असे. सगळ्यांस एकच धडा देतां येत नाहीं, ही पंतोजीपुढील अडचण नव्हती. त्याची शाळा मुळींच तशी कल्पिलेली नव्हती.

नव्या मुलाच्या पुढें पाटीवर बारीक धूळ पसरीत. तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, तें पुन्हा पुन्हा गिरवावयाचें, आणि पाटी हालवून मोडावयाचें. यासच धुळाक्षरें म्हणत. कागद महाग, शाई सांडणारी व बोरू लहान बोटांस न पेलणारा. अशा स्थितींत धुळीचा खर्च कांहीं नव्हता, आणि चुकलेल्या अक्षराचा मागमूसहि राहत नसे. हात बसल्यावर मुळाक्षरांवरून बाराखडी, बाराखडीवरून जोडाक्षरें, मग माणसांचीं व गांवांचीं नांवें, आणि पुढें बोरूनें कागदावर मोडी, असा क्रम होता. वरच्या मुलांस पत्रें, अर्ज, खतें यांचे मायने लिहावयास येत. रामदासांनीं दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास दिला आहे. अक्षराच्या वळणाविषयींचा जो आग्रह त्यांत आहे तोच या कित्ता गिरविण्याच्या मुळाशीं दिसतो. मात्र ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, धुळींत ‘अ’ गिरविणारा आणि कर्जरोख्याचा मसुदा उतरणारा हे दोघे एकाच बैठकीवर, हातभर अंतरानें बसलेले असत.

आतां दिवस कसा जाई तें पाहूं. बळ्ळारीकडे मुलें सकाळीं सहाच्या सुमारास शाळेंत येत. जो सर्वांआधीं येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचें नांव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, म्हणजे त्यास मानहि नाहीं व मारहि नाहीं. तिसऱ्यास हलकीशी छडी. आणि पुढें येणाऱ्यांस क्रमानें वाढती. आजच्या वाचकांस ही चाल क्रूर वाटेल व ती तशी आहेच. परंतु तिच्या योगें शाळेचा दिवस पंतोजीच्या तोंडच्या एका शब्दावांचून सुरू होई, हीहि गोष्ट खरी आहे. कोण कोणाच्या पुढें बसणार, कोणाची पाटी आधीं पाहिली जाणार, हें मुलांस ठाऊक असे. पांच वर्षांच्या पोरास नियम समजावून सांगत बसावें लागत नसे. वडील मुलें करतात तसें तें करी. घड्याळ नसलेल्या गांवांत शाळेची वेळ पाळली जाई ती अशी.

यानंतर मुलें आपापल्या कामास लागत. त्यांचे सामान्यतः चार गट असत, असें कॅम्बेल सांगतात. खालच्या गटांवर कांहीं अंशीं वरच्या गटांतील मुलें नेमलेलीं असत; सर्वांत वरचा गट पंतोजी स्वतः शिकवी, आणि ते करतांना त्याचा डोळा सगळ्या शाळेवर असे. या गटांतून त्या गटांत जाण्यास वय लागत नसे आणि वर्ष संपण्याची वाट पाहावी लागत नसे. जोडाक्षरें आलीं म्हणजे मुलगा सरके. न आलीं म्हणजे राही. सातव्या वर्षीं मोडी धरणारा हुशार मुलगा व दहाव्या वर्षीं बाराखडींत अडलेला मुलगा यांची बैठक बदलली तरी शाळा बदलत नसे. वरचा मुलगा खालच्यास शिकवितो तेव्हां त्याची स्वतःची विद्या पक्की होते, हा या रचनेचा लाभ कॅम्बेल यांनीं मोकळ्या मनानें मान्य केला असून, इंग्लंडांत तिचें जें अनुकरण झालें तें योग्यच होय असा अभिप्राय दिला आहे. कलेक्टरच्या अहवालांत देशी शाळेची अशी स्तुति विरळाच आढळते. म्हणून तिचें मोल अधिक. अर्थात् याच अहवालांत पुस्तकांचा व शिक्षकांचा हीनपणा, आणि लोकांच्या वाढत्या दारिद्र्यामुळें ओस पडत चाललेल्या शाळा, यांचीहि स्पष्ट नोंद आहे.

संध्याकाळची उजळणी हा या शाळेचा खरा सामुदायिक वर्ग होय. सगळीं मुलें मिळून अंक, पाढे, आणि पाढ्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी मोठ्यानें म्हणत; घरीं दिवेलागणीस तेंच पुन्हा परवचा म्हणून होई. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा हें नव्या वाचकांकरितां सांगणें अवश्य आहे. अपूर्णांकांचे हे पाढे कोणाच्या लहरीनें आलेले नव्हते. रुपयाचे आणे १६, पायलीचे शेर ४, खंडीचे मण २० अशा मापांच्या जगांत पाव, निम, पाऊण, सव्वा व दीड यांवांचून बाजारांतील एक व्यवहारहि होत नसे. तोंडीं हिशेबाची ही तयारी पाहूनच प्रेंडरगास्ट यांनीं, येथील शेतकरी व किरकोळ दुकानदार आपला हिशेब विलायतेंतील खालच्या वर्गाच्या लोकांहून चोख ठेवतात, असें नमूद केलें.

परंतु या उजळणींतील आमच्या विषयाचें मर्म निराळेंच आहे. औटकी म्हणणाऱ्यांच्या घोळक्यांत कालच ओनामा झालेलें मूलहि बसलेलें असे. त्यास औटकी येत नसे, ती त्यास कोणी विचारीतहि नसे. पण ती रोज त्याच्या कानांवरून जाई. दोन-तीन वर्षांनीं ती शिकण्याची पाळी येई तेव्हां तिची चाल, तिचे शब्द व तिचा ठेका त्याच्या ओळखीचा झालेला असे. म्हणजे पुढचा धडा मुलास दिसत व ऐकूं येत असे. उलटपक्षीं वरच्या मुलास बेचा पाढा रोज म्हणावाच लागे, त्यामुळें मागचा धडा त्यास सोडून जात नसे. एकाच यत्तेच्या, एकाच वयाच्या मुलांच्या खोलींत या दोहोंपैकीं कोणतीच गोष्ट आपोआप होत नाहीं. ती शिक्षकास मुद्दाम करवून घ्यावी लागते.

ही रीति किती जुनी असावी याविषयीं एक बाहेरचा साक्षीदार उपलब्ध आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज वकिलाबरोबर होनावरहून इक्केरीच्या नायकाकडे चालला होता. वाटेंत एका देवळाच्या ओवरींत चार मुलें अंकगणित शिकत असलेलीं त्यानें पाहिलीं. जमिनीवर बारीक वाळू पसरून तींत बोटांनीं अंक काढीत, काढतां काढतां तेच सुरावर म्हणत, आणि जागा भरली कीं वाळू पुन्हा सारखी करून पुढें चालू लागत, असें त्याचें वर्णन आहे. त्यानें चौकशी केली तेव्हां, गुरु जवळ नसतां आपण एकमेकांच्या चुका सुधारून धडा पक्का करीत आहों, असा त्या मुलांच्या उत्तराचा आशय होता. धूळ, सूर आणि परस्परांचें साह्य हे तिन्ही घटक कॅम्बेलच्या अहवालापूर्वीं बरोबर दोनशें वर्षें एके ठिकाणीं सांपडतात. स्थळ कर्नाटकांतील आहे; तथापि गोवा, कारवार व कोंकण यांच्या शेजारचें असल्यामुळें आपल्याकडील रीतीचा विचार करतांना तें वगळतां येत नाहीं.

यापुढची हकीकत चमत्कारिक आहे. अँड्र्यू बेल नांवाचे स्कॉटिश पाद्री १७८७ सालीं मद्रासेस आले, आणि १७८९ मध्यें त्यांनीं एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाची देखरेख पत्करली. तेथील पगारी शिक्षक त्यांच्या मनासारखें काम करीनात. अशा वेळीं एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढीत असलेलीं त्यांच्या दृष्टीस पडलीं. त्यांनीं आपल्या शिक्षकांस तसें करावयास सांगितलें. शिक्षकांनीं दाद दिली नाहीं, तेव्हां त्यांनीं फ्रिस्कन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यासच सर्वांत लहान मुलांचा वर्ग दिला, आणि तो त्यानें उत्तम चालविला. १७९६ मध्यें बेल परत गेले व पुढच्या वर्षीं लंडनमध्यें त्यांनीं या प्रयोगावर पुस्तक छापलें. १७९८ मध्यें जोसेफ लँकेस्टर यांनीं लंडनमध्यें याच धर्तीची शाळा उघडली. पुढें दोघांचे पक्ष पडले, वाद झाले, आणि १८११ सालीं बेल यांच्या पक्षाची नॅशनल सोसायटी निघाली. इंग्लंडांतील गरिबांच्या शाळांत सर्वांत लहान मुलांच्या पुढें वाळू पसरलेलीं बाकें आलीं तीं या मार्गानें.

मात्र जातांना या पद्धतीचें रूप पालटलें. लँकेस्टर यांच्या शाळेंत एका मास्तराखालीं शेंकडों मुलें असत. त्यांच्या ओळी, त्यांचे इशारे, गळ्यांत अडकविण्याच्या खुणेच्या पट्ट्या, बक्षिसें व शिक्षा हें सगळें कवाईतीसारखें होतें. मॉनिटर हा तेथें नेमलेला लहानसा हवालदार बनला. गांवठी शाळेंत शिकविणारा मुलगा शिकणाऱ्याच्या आळींतला, कित्येकदां घरचाच, आणि संख्या विसांच्या आसपास. तेथें शिकविणें ही नेमणूक नव्हती; आज जो शिकतो आहे तो उद्यां शिकविणार हें सर्वांसच ठाऊक होतें. आम्हांस हा फरक फार मोठा वाटतो. एकाच कल्पनेचीं हीं दोन रूपें असलीं तरी, पहिल्यांत मूल मुलास ओळखीत होतें आणि दुसऱ्यांत तें त्याचा क्रमांक ओळखीत होतें.

आणि हें पालटलेलें रूपच आपल्याकडे परत आलें. १८१५ सालीं मुंबईंत गरिबांच्या शिक्षणाकरितां जी मंडळी निघाली, तिनें १८२० सालीं देशी शाळा व शाळापुस्तकें यांकरितां एक समिति नेमली. तीच १८२२ मध्यें स्वतंत्र झाली. बापू छत्रे हे तिचे देशी चिटणीस व कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे युरोपियन चिटणीस म्हणून प्रसिद्ध आहेत. या मंडळीच्या समितीनें देशी शाळांचे चार मुख्य दोष ठरविले: पुस्तकें नाहींत, शिकविण्याची रीति नाहीं, योग्य शिक्षक नाहींत आणि पैसा नाहीं. यांपैकीं दुसऱ्या दोषावर उपाय म्हणून लँकेस्टरची पद्धति सुचविण्यांत आली. ज्या देशांतील ओसरीवरून ती कल्पना उचलली गेली, त्याच देशांतील ओसरीस ती विलायतेची सुधारणा म्हणून शिकविण्यांत आली! येथें एवढें मात्र न्यायानें म्हटलें पाहिजे कीं, पुस्तकांविषयींची समितीची तक्रार खरी होती, आणि ती दूर करण्याचें जें काम छत्रे व त्यांचे सहकारी यांनीं केलें, त्यावांचून मराठी मुलाच्या हातीं छापील अक्षर येण्यास आणखी बरींच वर्षें लागलीं असतीं.

आतां या शाळेची दुसरी बाजू. ती झांकून वरील गुणांचें वर्णन करणें म्हणजे इतिहासाशीं प्रतारणा होय. पाठ केलेल्याचा अर्थ सांगण्याची चाल नव्हती. मुलगा जें म्हणे तें कळून म्हणतो कीं न कळतां, हें पाहिलें जात नसे. आळशी मुलास हात बांधून आढ्यास टांगणें, उठाबशा काढावयास लावणें, अशा शिक्षा कॅम्बेल यांनीं नोंदल्या आहेत. आपल्याकडेहि अंगठे धरून ओणवें उभें करणें ही गोष्ट जुन्या मंडळींच्या आठवणींत सर्वत्र आढळते. आणि सर्वांत मोठा दोष असा कीं, ही ओसरी सर्वांस मोकळी नव्हती. बळ्ळारीच्या ५३३ शाळांत मिळून ६६४१ मुलें होतीं; त्यांत मुली केवळ ६०. अस्पृश्य मानलेल्या जातींचें मूल तर त्या पायरीवर चढूं शकत नव्हतें. वयांचा भेद ज्या शाळेनें इतक्या सहजतेनें पचविला, तिनें जातीचा व स्त्रीपुरुषांचा भेद मात्र जसाच्या तसा उंबऱ्यावर उभा ठेविला.

तो उंबरा ओलांडण्यास १८४८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत भिडे वाड्यांत मुलींची शाळा उघडली, आणि पुढील चार वर्षांच्या आंत महार-मांगांच्या मुलांकरितांहि शाळा सुरू केल्या. त्यांच्या शाळेंत शिकलेली मातंग समाजांतील मुक्ता ही मुलगी अवघ्या चौदा वर्षांची असतां तिनें लिहिलेला निबंध १८५५ मध्यें ज्ञानोदयांत छापून आला, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत, प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावे व वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्यास न लाजणारे असावे, असें मागितलें. मूल ज्यास ओळखतें अशाच माणसानें त्यास शिकवावें, हा विचार या मागणींत आम्हांस स्पष्ट दिसतो. जुन्या ओसरीवर तो थोड्यांपुरता होता. फुले तो सर्वांकरितां मागत होते.

१८५४ च्या खलित्यानंतर, म्हणजे १८५५ पासून, मुंबई इलाख्यांत स्वतंत्र शिक्षणखातें झालें. मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं मराठी क्रमिक पुस्तकें निघालीं, आणि पुस्तकाबरोबर यत्ता आली. एका यत्तेस एक पुस्तक, एका पुस्तकास एक वर्ष, आणि वर्षाच्या शेवटीं परीक्षा, अशी साखळी तयार झाली. अर्थ समजून वाचणें, भूगोल, इतिहास इत्यादि जे लाभ यामुळें झाले ते निर्विवाद आहेत. पण पहिल्या यत्तेच्या खालीं जीं लहान मुलें उरलीं त्यांच्याकरितां ‘बिगरी’ हा वर्ग राहिला. त्यास यत्तेचा मान नाहीं. परीक्षेच्या निकालावर शाळेची किंमत ठरूं लागल्यावर, ज्या वर्गाचा निकालांत हिशेब नाहीं त्याकडे एकट्या मास्तराचें लक्ष कमी जावें हें स्वाभाविक होतें. खेड्यांतील शाळेंत मास्तर पूर्वींप्रमाणेंच एक, खोली एक, मुलांचीं वयें अनेक. बदललें तें इतकेंच कीं, वडील मुलानें धाकट्यास शिकविणें ही आतां शाळेची रीति न राहतां मास्तराची अडचणींतील सोय झाली. वयांची सरमिसळ कायम राहिली, पण तिला धरून ठेवणारी घडी सुटली.

विसाव्या शतकांत ही घडी पुन्हा बसविण्याचे जे यत्न झाले त्यांत ताराबाई मोडक यांचें कार्य अग्रगण्य होय. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांस एकत्र ठेवावें, हें माँटेसोरी बाईंच्या पद्धतीचें एक अंग या मंडळींनीं स्वीकारलें होतें. १९४५ मध्यें ताराबाई व अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली, आणि अंगणवाडी हा शब्द जन्मास आला. १९७५ मध्यें केंद्रसरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेनें तोच उचलला. पुढें कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांकरितां जी विकासवाडी उभी राहिली तिच्यांत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र होतीं. यामागें तात्त्विक विचारापेक्षां प्रत्यक्ष गरज मोठी होती. घरांतील थोरली मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन असे. तें भावंड शाळेंत आलें तरच ती शाळेंत येणार. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तर शाळाच कुरणांत गेली. जुन्या ओसरीनें ज्यांस कधीं आंत घेतलें नाहीं त्यांच्या अंगणांत लहानथोरांचा एकत्र वर्ग पुन्हा भरला, आणि तोहि छडीवांचून, हें या प्रयोगाचें ऐतिहासिक महत्त्व होय. कर्नाटक राज्यांत १९९५ सालीं हेग्गडदेवनकोटे तालुक्यांत सुरू होऊन पुढें राज्यभर पसरलेल्या ‘नलि-कलि’ पद्धतींतहि खालच्या इयत्तांचीं मुलें एकत्र बसून आपापल्या गतीनें पायऱ्या चढतात. कॅम्बेलच्या अहवालांतील बळ्ळारी आज त्याच राज्यांत मोडते.

या सर्व विवेचनावरून जो निष्कर्ष निघतो तो आम्ही थोडक्यांत मांडतों. संमिश्र वयाचा वर्ग तीन गोष्टींवर उभा असे: मुलें एकमेकांस ओळखतील इतकी लहान संख्या, सांगितल्यावांचून चालणारी दिनचर्या, आणि शिकविणाऱ्या मुलासहि शिकविण्यापासून लाभ होईल अशी धड्यांची रचना. लँकेस्टरच्या शाळेंत पहिली गोष्ट सुटली, तेव्हां दिनचर्येची कवाईत झाली. यत्तांच्या शाळेंत तिसरी सुटली, तेव्हां थोरला मुलगा धाकट्याजवळून उठून आपल्या पुस्तकाकडे गेला. मारझोड, अर्थहीन पाठांतर व जातीचा उंबरा यांपैकीं एकहि गोष्ट या रचनेस आवश्यक नव्हती. कोसबाडनें तें प्रत्यक्ष करून दाखविलें. म्हणून जुन्या शाळेच्या पापांचें माप तिच्या या रचनेच्या पदरांत टाकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

हा प्रश्न केवळ जुन्या कागदांपुरता राहिलेला नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें विसांपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार पुढें मांडला, आणि त्यावर राज्यभर वाद झाला. मोठ्या शाळेंत ग्रंथालय, क्रीडांगण व विषयवार शिक्षक मिळतात, हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु एवढ्या थोड्या व लहानमोठ्या मुलांचा वर्ग चालूंच शकत नाहीं, असें जें गृहीत धरलें जातें, त्यास इतिहासाचा आधार नाहीं. १८२९ च्या गोषवाऱ्यांत गांवठी शाळेची सरासरी सुमारें विसांचीच होती. त्या वेळीं तें शाळेचें नेहमींचें रूप होतें. डोंगरावरच्या वाडींतील सहा वर्षांच्या मुलीस जवळची शाळा मिटल्यामुळें किती चालावें लागेल, आणि तिला हात धरून नेणारें थोरलें भावंड कोणत्या शाळेंत असेल, या प्रश्नांचीं उत्तरें आजच्या अधिकाऱ्यांनीं द्यावयाचीं आहेत. निर्णय कोणताहि होवो. तो घेणारांच्या टेबलावर पंतोजींच्या ओसरीचा हा कागदहि असावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख वाचकांपुढें ठेविला आहे.